द. सा. द. शे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गावच्या पेठेत अजूनही चोपड्यांची पूजा होते. हिशेब आता संगणकात गेले आहेत. तरीसुद्धा लाल कापडी बांधणीची एक कोरी चोपडी पाटावर येते, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते, लाह्या-बत्तासे वाहिले जातात, आणि उदबत्ती विझली की ती चोपडी पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटात जाऊन बसते. ह्या रिवाजाला कोणी हसतात. मला मात्र त्यातला एक बारकावा आवडतो. व्यापारी लक्ष्मीची तसबीर पूजतो ती पूजतोच, पण तिच्या शेजारी हिशेबाचीही पूजा करतो. पैसा येईल, जाईल. मांडणी चोख राहिली पाहिजे, असे तो त्या स्वस्तिकाने स्वतःला बजावीत असावा. निदान त्याने ते बजावावे अशी गिऱ्हाइकाची इच्छा असते.

आपल्या भाषेत अर्थशास्त्राने पाऊल टाकले तेही लक्ष्मीचेच बोट धरून. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख ह्यांनी १८४९ साली इंग्रजीच्या आधाराने ह्या विषयावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'लक्ष्मीज्ञान'. त्याच्याही आधी, १८४३ साली, रामकृष्ण विश्वनाथ ह्या गृहस्थांनी हिंदुस्थानच्या प्राचीन व त्या वेळच्या स्थितीविषयी मराठीत पुस्तक लिहून देशाच्या संपत्तीचा विचार केला होता. मुंबईचे विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. म्हणजे ह्या दोघांनी लेखणी उचलली तेव्हा पदवी देणारी संस्थाच ह्या इलाख्यात नव्हती. कोणत्या अधिकाराने लिहिता, असे त्यांना विचारण्याची सोय नव्हती. आज ती सोय आहे, आणि ती वापरलीही जाते. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाने अर्थशास्त्राविषयी चार शब्द लिहावयाचे म्हटले, तर पहिला प्रश्न तोच येणार. तो रास्तही आहे. तेव्हा आजचा विषय तोच घेऊ: अर्थशास्त्राच्या धंद्यात शिरावयास पात्रता कोणती लागते?

दिवाळीच्या सुट्टीत घराघरांत हा प्रश्न निघतोच. बारावीतले मूल फराळाचे ताट घेऊन बसलेले असते. मुंबईहून आलेला मामा 'पुढे काय?' म्हणून विचारतो. मूल चकलीचा तुकडा मोडीत 'इकॉनॉमिक्स' असे पुटपुटते. आणि त्यात मिळते काय, असे आजोबा विचारतात. ह्या घरांसाठी सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. बारावीला गणित असावे. आपल्याकडे कला शाखेत गणितावाचून अर्थशास्त्राची पदवी मिळू शकते. परंतु दिल्ली विद्यापीठात ऑनर्सला जावयाचे तर बारावीचे गणित लागते, आणि गणित सोडलेल्या मुलाला पुढे एम. ए.च्या वर्गात जो धाप लागण्याचा प्रसंग येतो, तो टाळलेला बरा. त्यानंतर पदव्युत्तर पदवी. भारतीय आर्थिक सेवा १९६१ साली निर्माण झाली. तिची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो, आणि अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी असल्यावाचून त्या परीक्षेस बसता येत नाही. वय एकवीस ते तीस. इंग्रजी, सामान्य ज्ञान, अर्थशास्त्राचे तीन पेपर, भारतीय अर्थव्यवस्थेचा एक, आणि मग तोंडी. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागालाही एम. ए. लागतेच. अध्यापनास नेट-सेट किंवा पीएच. डी. शिकण्याची ठिकाणेही दूर नाहीत. पुण्याची गोखले संस्था १९३० पासून आहे. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग त्याहूनही जुना. आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, पोटापाण्याची ददात पडत नाही.

येथे लेख संपावयास हरकत नव्हती. परंतु 'पात्रता' हा शब्द मला सोडीत नाही.

आपल्या भाषेत हा शब्द दुहेरी आहे. नोकरीच्या जाहिरातीत उमेदवाराची पात्रता असते, ती वर सांगितली. दुसरी पात्रता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असते. तेथे 'पात्र लाभार्थी' अशी यादी लागते आणि तिच्याखाली 'अपात्र' अशी दुसरी. घरकुल कोणाला, धान्य कोणाला, कोणाला काहीच नाही, हे त्या यादीवरून ठरते. यादी लावणारा शिपाई ती ठरवीत नाही, ग्रामसेवकही ठरवीत नाही. कुठे तरी दूर बसलेल्या माणसाने एक कसोटी आखलेली असते, आणि त्या कसोटीची रेघ आमच्या गावातल्या दोन सख्ख्या भावांच्या मधून जाते. अन्नाचे पात्र कोणाच्या हातात असावे हे ठरविणाऱ्याची स्वतःची पात्रता कोणती? प्रश्न असा मांडला की तो नोकरीचा राहत नाही.

रेघ आखणे हे पाप आहे, असे मला म्हणावयाचे नाही. उलट, ती कोणी तरी आखलीच पाहिजे. गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्या दोघांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी असा हिशेब केला की माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी तरी मिळावयास हव्यात. आणि १९६०-६१ च्या किमतींनी तेवढे अन्न मिळेल अशी राहणी खेड्यात माणशी दरमहा पंधरा रुपयांत आणि शहरात साडेबावीस रुपयांत होते. त्याखाली खेड्यातली सुमारे चाळीस टक्के आणि शहरातली सुमारे पन्नास टक्के माणसे निघाली. पंधरा रुपये! वाचताना अंगावर काटा येतो. पण हा आकडा कोणी काढलाच नसता तर काय झाले असते? 'आपल्याकडे गरिबी फार' एवढे म्हणून सुस्कारा टाकता आला असता, आणि सुस्काऱ्याला अंदाजपत्रकात तरतूद नसते. दादाभाई नौरोजींनी हेच ओळखले होते. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकविणाऱ्या ह्या प्राध्यापकाने हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी वीस रुपये काढले, आणि त्याच्या शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडून दाखविला. कैद्याचा खर्च जास्त भरला. हजार व्याख्यानांनी झाले नसते ते त्या दोन आकड्यांनी केले.

तेव्हा आकड्याला भिऊन चालणार नाही. आता माझ्या वर्गातली एक हकीकत सांगतो.

नववीला सरळव्याज शिकवीत होतो. द. सा. द. शे. म्हणजे काय, हे पोरांना प्रत्येक वर्षी नव्याने सांगावे लागते: दर साल दर शेकडा. पुस्तकातली उदाहरणे आठ, दहा, बारा टक्क्यांची असतात. मुले ती यंत्रासारखी सोडवितात. मी म्हटले, आज पुस्तक मिटा, आपल्या मंडईतले उदाहरण घेऊ. भाजी विकणारी एक बाई सकाळी सावकाराकडून नऊशे रुपये घेते, त्यांची भाजी आणते, दिवसभर विकते आणि संध्याकाळी त्याला हजार परत करते. व्याजाचा दर काढा. मुलांनी माना खाली घातल्या. नऊशेवर शंभर, म्हणजे दिवसाला शेकडा अकरा आणि एक नवमांश. गुणिले तीनशे पासष्ट. थोड्या वेळाने पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, उत्तर चुकतंय. चार हजार पंचावन्न येतंय."

"मग?"

"एवढं व्याज नसतं, सर."

बरोबरच आहे त्याचे. पुस्तकात एवढे व्याज नसते. वर्ग हसला. तेव्हा मागून एक मुलगी उभी न राहताच बोलली, "बरोबर आहे उत्तर. माझी आई घेते." मग मात्र कोणी हसले नाही.

वर्गात शांतता झाली, आणि ती शिक्षकाला न आवडणारी शांतता होती. म्हणून मी पुढचे गणित घातले. ह्या बाईने रोज वीस रुपये बाजूला टाकले तर स्वतःचे नऊशे किती दिवसांत जमतील? पंचेचाळीस. आणि मग रोजचे शंभर वाचले, तर वर्षाचे किती? छत्तीस हजार पाचशे. आता प्रश्न असा, की हे गणित इतके सोपे असता ती बाई वीस रुपये बाजूला का टाकीत नाही?

हा प्रश्न मोठा आहे. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत त्याच्यावर डोकेफोड चालते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर ह्यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते गरिबांच्या अशाच रोजच्या निर्णयांचे बारीक प्रयोग करून पाहण्याच्या पद्धतीबद्दल. आमच्या वर्गात उत्तरे आली ती अशी: तिला हिशेब येत नसेल, तिचा नवरा दारू पीत असेल, तिला सवय झाली असेल. ही उत्तरे मुलांची नव्हती, त्यांच्या घरची होती. मी त्या मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, "आईनं ठेवले होते, सर. दोनदा. एकदा आजीच्या डोळ्याच्या वेळी गेले, एकदा मामानं नेले. आई म्हणते, साठवलेले पैसे सगळे मागतात. उसने आणलेले कुणी मागत नाही."

मी तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. असे वाक्य मला एकाही पात्राच्या तोंडी घालता आलेले नाही. सावकाराचे पैसे हे त्या बाईच्या दृष्टीने नुसते महाग भांडवल नव्हते, तर नातेवाइकांपासून सुरक्षित असलेले भांडवल होते. ती रोजचे शंभर रुपये जणू कुलपाचे भाडे म्हणून भरीत होती. पुस्तकाला दर ठाऊक होता, कुलूप ठाऊक नव्हते. आईला कुलूप पुरते ठाऊक होते. मात्र चार हजार पंचावन्न हा आकडा तिच्यापुढे कोणी कधी मांडलेला नव्हता. मुलीच्या वहीत त्या दिवशी दोन्ही होते.

दुसऱ्या दिवशी तिने मला व्हरांड्यात गाठून विचारले, "सर, हे शिकायचं तर काय पास व्हावं लागतं?"

आता, ह्या जागी एक स्वस्त उत्तर तयार असते, आणि ते फार लोकप्रिय आहे. बाळे, तुझ्या आईला जे कळते ते पदवीवाल्यांना कळत नाही; पदवीत काय आहे! ह्या उत्तराला इतिहासातून साक्षीदारही पाहिजे तितके मिळतात. ॲडम स्मिथ ग्लासगोत नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. डेव्हिड रिकार्डो चौदाव्या वर्षी बापाच्या शेअरदलालीच्या धंद्यात पडला. सुट्टीत स्मिथचे पुस्तक हाती आले, तेव्हा हा गडी सत्तावीस वर्षांचा होता. केंब्रिजमध्ये मार्शलने अर्थशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू करविला तो १९०३ साली, आणि खुद्द मार्शलची पदवी गणिताची. केन्सचीही गणिताचीच. आमचे गोपाळ कृष्ण गोखले तर शाळामास्तर. त्यांनी अंकगणिताचे क्रमिक पुस्तक लिहिले आणि ते शाळाशाळांतून चालले. ह्याच मास्तरांनी १९०२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात सरकारच्या शिलकी अंदाजपत्रकाचे जे वाभाडे काढले ते प्रसिद्ध आहे. तिजोरी भरलेली आणि रयत उपाशी, हे एकाच वर्षी कसे घडते, ते त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. आणखी जवळचे उदाहरण पाहिजे तर वि. स. पागे ह्यांचे. विधान परिषदेचे हे सभापती पेशाने वकील. कामाची मागणी करील त्याला सरकारने काम दिलेच पाहिजे, ही कल्पना त्यांनी १९६९ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या आपल्या विसापूर गावी करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात तिने लक्षावधी माणसे तगविली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला, आणि २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा धडा पुढे होता. (आम्हा पगारदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर मुळात ह्याच योजनेसाठी बसविलेला. शिक्षकांच्या खोलीत त्या कपातीवर दरमहा चर्चा होते. विसापूरचे नाव मात्र निघत नाही.)

इतके साक्षीदार असूनही ते स्वस्त उत्तर मला त्या मुलीला द्यावेसे वाटले नाही. कारण ते उत्तर नेहमी कोण देतो हे पाहावे. ज्यांच्या घरी पदव्या आहेत, तेच बहुधा दुसऱ्याच्या मुलीला पदवीत काही नाही म्हणून सांगतात. रिकार्डोला पदवी लागली नाही हे खरे. पण त्याला बापाचा धंदा होता, आणि तो बोलू लागला तेव्हा लंडनचा बाजार ऐकत होता. ज्याचे बोलणे कोणी ऐकून घेणार नाही अशी पक्की व्यवस्था आहे, त्याने काय करावे?

बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांकडे मी ह्या दृष्टीने पाहतो. १९१५ साली कोलंबियाची एम. ए.; १९२३ साली लंडनची डी. एस्सी., रुपयाच्या प्रश्नावर. १९२७ साली कोलंबियाची पीएच. डी., प्रांतिक वित्तव्यवस्थेवर. मधल्या काळात मुंबईच्या एका कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नोकरी केली, त्या पगारातून पैसे साठविले, आणि पुन्हा लंडनला गेले. ह्या माणसाला त्याच मुंबईत, प्राध्यापक असतानाही, पाण्याच्या भांड्याला शिवण्यावरून आक्षेप सोसावा लागला होता. १९२५ साली चलनविषयक शाही आयोगापुढे तो साक्षीला बसला, तेव्हा मात्र प्रश्न रुपयाबद्दलच विचारावे लागले. रुपयाचा परदेशी भाव स्थिर ठेवण्यापेक्षा त्याची देशातली खरेदीची ताकद स्थिर राहणे अधिक महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. महागाईत मजुरी मागे राहते आणि गरीब भरडला जातो, हे त्यांना नुसते पुस्तकातून ठाऊक नव्हते. आणि त्या ग्रंथाची गंमत अशी की, लंडनमधले त्यांचे गुरू एडविन कॅनन ह्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, तीत शिष्याचे बरेचसे म्हणणे आपणास पटत नाही असे नमूद केले, आणि तरीही ग्रंथाचे स्वागत केले. पदवीचा मला दिसणारा सर्वांत मोठा उपयोग हा आहे. तिच्यामुळे माणसाला गुरूशी वाद घालण्याचा परवाना मिळतो. नुसता अनुभव असलेल्याला लोक सहानुभूती देतात, वाद घालू देत नाहीत.

अनुभव आणि विद्या एकाच माणसात असणे दुर्मीळ. पण दोन माणसांत मिळून असू शकते. प्रवरेच्या काठी तसे घडले. विठ्ठलराव विखे पाटील हे लोणीचे शेतकरी. मराठी चार इयत्ता शिकलेले. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजचे. हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ सालीच ग्रंथरूपाने निघालेला, आणि गोखले संस्थेचे ते संचालक. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. ऊस पिकविणाऱ्यांनीच आपला साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे जोर धरू लागला. आता ह्यात अडचण कोणती? कागदावर तर काहीच नाही. भाग इतक्याचा, भागधारक इतके, सरकारचे सहाय्य इतके. अडचण अशी की गावोगाव हिंडून, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला, त्याने कधी न पाहिलेल्या कारखान्यासाठी पैसे काढावयास सांगावयाचे होते. ते काम केंब्रिजचा प्रबंध करू शकत नाही. विखे पाटलांनी ते केले. कारण ज्या दारात ते उभे राहत त्या दारातल्या माणसाला त्यांचे शेत, त्यांचे घर आणि त्यांचा शब्द ठाऊक होता. उलट, जमलेल्या पैशाला नियमांचा बांध घालणे, सरकारदरबारी आणि बँकांत तो टिकविणे, सभासदांची संस्था ही एखाद्या घराण्याची मालमत्ता होणार नाही अशी घटना लिहिणे, हे चार इयत्तांच्या आवाक्यातले नव्हते. गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम लागला. पुढे सहकाराचे काय काय झाले, घटनेतल्या शब्दांना घराण्यांनी कशी वळणे दिली, ते आपण जाणतोच. त्या दोघांचा तो दोष म्हणता येणार नाही.

ह्या जोडीविषयी विचार करताना मला विशेष वाटते ते हे की, ह्यात कोणी कोणाला 'खरा अर्थतज्ज्ञ' म्हणून मुजरा केला नाही. विद्वान मंडळी अडाणी माणसाला 'तुम्हीच खरे पंडित' असे म्हणतात तेव्हा मी सावध होतो. त्या कौतुकात पुष्कळदा त्याला पुढे काही शिकू न देण्याची सोय असते.

पात्रतेचा आणखी एक पैलू राहिला. पूल कोसळला तर इंजिनियरचे नाव निघते. डॉक्टरपुढे रोगी बसलेला असतो. अर्थतज्ज्ञाच्या चुकीचे मोल देणारी माणसे त्याने कधी पाहिलेली नसतात, आणि त्यांनाही त्याचे नाव ठाऊक नसते. चूक आणि शिक्षा ह्यांच्यात इतके अंतर असले की माणूस सहज बेफिकीर होतो. दुष्ट असावे लागत नाही. ह्यावर उपाय कोणता? मला तरी एकच दिसतो: आपले मत कारणांसकट, सहीनिशी, लिहून ठेवणे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी, १९५५ साली, सरकारने देशातल्या अर्थशास्त्रज्ञांचे मंडळ नेमले. त्यात बी. आर. शेणॉय ह्या एकट्या प्राध्यापकांनी भिन्नमतपत्रिका जोडली. तुटीच्या भरण्यावर एवढी मोठी योजना उभारणे धोक्याचे आहे असे त्यांनी लिहिले. दोनच वर्षांत परकीय चलनाची तीव्र टंचाई झाली. शेणॉयांचे सगळेच म्हणणे मला पटते असे नाही, आणि एकटा असतो तो बरोबर असतो असेही नाही. गावोगाव एकटे पडलेले विक्षिप्त पुष्कळ आहेत. पण ती पत्रिका कागदावर आहे, तपासता येते. तपासू देणे ही पात्रता कोणत्याही विद्यापीठाच्या माहितीपत्रकात नसते.

मुलीला मी सांगितले ते हे सगळे नव्हे. मी एवढेच म्हटले की, गणित सोडू नकोस. घरच्यांचा विचार जवळच्या कॉलेजात कला शाखेचा होता; मुलीच्या जातीला गणित कशाला, असा एका चुलत्यांचा शेरा होता. तेव्हा मी तिच्या आईला एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या अमेरिकन बाईंची गोष्ट सांगितली. मुलगी म्हणून शाळेत त्यांना त्रिकोणमिती घेऊ दिली नाही. पुढे गणित अपुरे म्हणून अर्थशास्त्राच्या पीएच. डी.ला प्रवेश मिळाला नाही; त्यांनी राज्यशास्त्रात पीएच. डी. केली, गावकऱ्यांनी मिळून पाणी, कुरणे आणि मासेमारी कशी सांभाळावी ह्याचा जन्मभर अभ्यास केला, आणि २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे गणिताशिवाय मिळालं की, सर." मला हसू आवरेना. मी म्हटले, "मिळालं. पण शहात्तराव्या वर्षी." मग तीही हसली. मुलगी आता तालुक्याच्या गावी एस.टी.ने जाते, वाणिज्य शाखा, गणित घेऊन. सकाळची पहिली गाडी पकडावयाची, म्हणून मंडईत आईला हात द्यावयास तिला वेळ मिळत नाही, एवढी एक गोष्ट माझ्या मनाला लागते.

एम. ए. झाल्यावर ह्या मुलामुलींपैकी बऱ्याच जणांना पहिले काम मिळते ते मोठ्या कचेरीत नव्हे, पाहणीचे. २०२२-२३ साली देशभर घरखर्चाची पाहणी झाली. खेड्यात माणशी दरमहा सरासरी ३,७७३ रुपये आणि शहरात ६,४५९ रुपये खर्च होतो, असे तीतून निघाले. हे आकडे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले असतील. आमच्या वाड्यात त्या पाहणीसाठी एक तरुण येत असे. समोरच्या काकूंचे घर चिठ्ठीत निघाले होते. पाहणीची रीत अशी की एकाच घरी तीनदा जावयाचे: एकदा खाण्याचे विचारावयाचे, एकदा किरकोळ वापराच्या वस्तूंचे, एकदा कपडेलत्ते आणि भांडीकुंडी ह्यांचे. हातात टॅब्लेट. गेल्या तीस दिवसांत तांदूळ किती, ज्वारी किती, भाजी मात्र गेल्या सात दिवसांची. काकू एकट्या, त्यांचे पेन्शन थोडे, आणि जीभ तिखट. "एवढं माझ्या सुनेनंही कधी विचारलं नाही," म्हणाल्या. तो हसला, पण पुढचा प्रश्न गाळला नाही.

"तूरडाळ, काकू?"

"दोन किलो."

त्याने दोन लिहिले. सगळे विचारून झाले, पाणी प्याला, चप्पल घालून जिन्यापर्यंत गेला. तेवढ्यात काकूंनी दारातून हाक मारली.

"अहो, ते डाळीचं. दोन म्हटलं मी, ते तुम्ही परके म्हणून. एकच आणली होती. तीही अजून आहे थोडी."

त्याने पिशवी खाली ठेवली, पुन्हा चप्पल काढली, आणि ओट्यावर बसून दोनाचा एक केला. मग मान वर करून त्याने विचारले, "थोडी म्हणजे किती, काकू?"